भारतातील लेखा सेवा क्षेत्रातील श्रममोबदला

भारतातील लेखा सेवा क्षेत्रातील श्रममोबदला म्हणजे लेखापालन, लेखापरीक्षण, करसल्ला आणि वेतनपत्रके तयार करणे अशा सेवा पुरविणाऱ्या संस्थांनी त्यांच्याकडे काम करणाऱ्यांना दिलेला रोख व रोखेतर मोबदला होय. मूळ वेतन, भत्ते, बोनस, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदान, वैद्यकीय विमा आणि प्रशिक्षणार्थींना दिले जाणारे विद्यावेतन यांचा त्यात समावेश होतो. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ नुसार हे क्षेत्र विभाग ६९ मधील गट ६९२ मध्ये मोडते.

या क्षेत्रात कच्चा माल किंवा मोठी यंत्रसामग्री लागत नसल्याने श्रमाचा खर्च हाच प्रमुख खर्च असतो. भारतातील परिस्थितीचे वैशिष्ट्य असे की, मोबदल्याच्या शिडीची सर्वांत खालची पायरी नियमाने ठरते आणि वरची पायरी बाजाराने, त्यातही मोठ्या प्रमाणावर परदेशी मागणीने ठरते. परिणामी एकाच व्यवसायात सर्वांत कमी व सर्वांत जास्त मोबदल्यातील अंतर फार मोठे राहिले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक लेखा व्यवसाय येण्यापूर्वी पेढ्या व दुकानांतील कीर्द-खतावणी लिहिण्याचे काम दिवाणजी व मुनीम करीत. त्यांचा मोबदला ठरावीक पगारापुरता मर्यादित नसे. सणासुदीची बक्षिसी, धान्य, राहण्याची सोय, कधी नफ्यातील छोटासा वाटा असे त्याचे मिश्र स्वरूप असे.

१९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण पात्र व्यक्तीकडून करून घेणे बंधनकारक केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले व वाणिज्य शिक्षणाचा पाया घातला गेला. १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. तिच्यासाठी परीक्षेबरोबरच एखाद्या लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी आवश्यक होती. १९३२ मध्ये भारतीय लेखा मंडळ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ संमत झाला आणि १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. जी. पी. कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होते.

उमेदवारीची पद्धत इंग्लंडमधून आली. तेथे शिकण्याच्या मोबदल्यात उमेदवारानेच आपल्या गुरुस्थानी असलेल्या लेखापालास अधिमूल्य देण्याचा प्रघात होता. म्हणजे पैशांचा ओघ आजच्या उलट दिशेने वाहत असे. भारतात सनदी लेखापाल विनियम, १९८८ मधील विनियम ४७ नुसार प्रशिक्षणार्थीकडून अधिमूल्य, कर्ज किंवा अनामत स्वीकारण्यास मनाई आहे, तर विनियम ४८ नुसार त्याला दरमहा किमान विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. असे असले तरी ‘शिकविण्याचे उपकार’ हा जुना भाव विद्यावेतनाच्या अल्प दरांत टिकून राहिला, असे या पद्धतीचे टीकाकार मानतात.

क्षेत्राची रचना

लेखा सेवा क्षेत्र ढोबळमानाने चार स्तरांत विभागता येते.

* मोठ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यांशी संलग्न संस्था. यांत डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय व केपीएमजी ही चार नावे प्रमुख आहेत.
* मध्यम आकाराच्या भारतीय भागीदारी संस्था.
* एकट्याने किंवा दोन-तीन भागीदारांनी चालविलेली लहान कार्यालये. संख्येने ही सर्वाधिक आहेत.
* परदेशी ग्राहकांसाठी काम करणारी सेवा केंद्रे. ही मुख्यतः बंगळूरु, हैदराबाद, गुरुग्राम, मुंबई व पुणे येथे आहेत.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या सदस्यांची संख्या चार लाखांहून अधिक आहे. त्यांतील बरेच जण स्वतंत्र व्यवसाय न करता उद्योग, बँका व शासकीय उपक्रमांत नोकरी करतात. या क्षेत्रात सनद नसलेल्या कर्मचाऱ्यांचाही मोठा वाटा आहे. वाणिज्य पदवीधर, टॅलीसारखी संगणक प्रणाली हाताळणारे लेखनिक, करविवरणपत्रे भरणारे सहायक आणि प्रशिक्षणार्थी हे सर्व त्यात येतात.

मनोऱ्याची पद्धत

लेखा संस्थेचे अर्थकारण मनोऱ्यासारखे असते. शिखरावर भागीदार, मध्ये व्यवस्थापक व पात्र लेखापाल आणि तळाशी सहायक व प्रशिक्षणार्थी अशी तिची रचना असते. पावत्या तपासणे, बँक खात्यांचा मेळ घालणे, साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करणे ही वेळखाऊ कामे तळाकडे असतात, तर निष्कर्ष काढण्याचे व स्वाक्षरीचे काम शिखराकडे असते. ग्राहकाकडून मिळणारे शुल्क ठरावीक असल्यास संस्थेचा नफा प्रामुख्याने तळाच्या श्रमाची किंमत किती यावर अवलंबून राहतो. त्यामुळे विद्यावेतनाचा दर हा केवळ विद्यार्थ्यांचा प्रश्न राहत नाही. तो संपूर्ण क्षेत्राच्या खर्चाचा पाया ठरतो.

मोबदल्याचे घटक

नियमित कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मूळ वेतनाखेरीज पुढील घटक श्रमखर्चात मोडतात.

* भविष्यनिर्वाह निधी : वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू. मालकाचा वाटा सामान्यतः वेतनाच्या १२ टक्के. सक्तीच्या सदस्यत्वासाठी वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रुपये.
* उपदान : दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतके.
* बदलता मोबदला : वार्षिक कामगिरीवर आधारित बोनस. मोठ्या संस्थांत याचे प्रमाण पदानुसार वाढत जाते.
* रोखेतर लाभ : वैद्यकीय विमा, परीक्षेसाठी भरपगारी रजा, प्रवासखर्च.

लहान कार्यालयांत कर्मचारीसंख्या बहुधा दहाच्या आतच असते. त्यामुळे वरील कायदेशीर लाभांपैकी बरेचसे तेथील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. मोठी संस्था व लहान कार्यालय यांच्या श्रमखर्चातील फरक केवळ पगाराचा नसतो. या लाभांमुळे तो आणखी रुंदावतो.

प्रशिक्षणार्थींचे विद्यावेतन

सनदी लेखापाल होण्यासाठी परीक्षांबरोबर प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक असते. बोलीभाषेत त्याला ‘आर्टिकलशिप’ म्हणतात. प्रशिक्षणाचा कालावधी दीर्घकाळ तीन वर्षांचा होता. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या शिक्षण व प्रशिक्षण योजनेत तो दोन वर्षांचा करण्यात आला. प्रशिक्षणार्थीचे कामाचे तास आठवड्याला ३५ असावेत, अशी तरतूद आहे.

किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येनुसार व प्रशिक्षणाच्या वर्षानुसार ठरते. २०२० मध्ये हे दर दुप्पट करण्यात आले. त्यावेळी ठरलेले मासिक किमान दर पुढीलप्रमाणे होते.

| शहराची लोकसंख्या | पहिले वर्ष | दुसरे वर्ष | तिसरे वर्ष |
|---|---|---|---|
| २० लाख व अधिक | ₹ २,००० | ₹ २,५०० | ₹ ३,००० |
| ४ लाख ते २० लाखांपेक्षा कमी | ₹ १,५०० | ₹ २,००० | ₹ २,५०० |
| ४ लाखांपेक्षा कमी | ₹ १,००० | ₹ १,५०० | ₹ २,००० |

आठवड्याला ३५ तास म्हणजे महिन्याला सुमारे १५० तास होतात. या हिशेबाने २०२० च्या दुप्पट झालेल्या दरानेही मुंबईतील पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थीला तासाला सुमारे १३ रुपये, तर चार लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात साडेसहा रुपयांच्या आसपास मिळत. त्यानंतर नव्या योजनेबरोबर विद्यावेतनात पुन्हा वाढ करण्यात आली.

शिकाऊ उमेदवारी कायद्याशी तुलना

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील नियमांत २०१९ मध्ये सुधारणा होऊन किमान मासिक विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले. पाचवी ते नववी उत्तीर्ण उमेदवारासाठी ५,००० रुपये, तर पदवीधरासाठी ९,००० रुपये असा दर होता. म्हणजे कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेल्या नववी उत्तीर्ण मुलाला मिळणारी किमान रक्कम ही २०२० मध्ये मुंबईतील लेखा प्रशिक्षणार्थीच्या पहिल्या वर्षाच्या किमान रकमेच्या अडीच पट होती. दोन्ही व्यवस्था वेगवेगळ्या कायद्यांखाली असल्याने त्यांचे दर एकमेकांना बांधील नाहीत.

किमान दर आणि प्रत्यक्ष दर

वरील दर किमान आहेत. त्याहून अधिक देण्यास संस्था मोकळ्या असतात. महानगरांतील मोठ्या संस्था किमान दराच्या कित्येक पट विद्यावेतन देतात. लहान गावांतील कार्यालये मात्र किमान दराच्या आसपासच राहतात. विद्यावेतन बँकेमार्फत देण्याची तरतूद असूनही बँकेत जमा केलेली रक्कम रोखीने परत घेतली जाते, अशी तक्रार विद्यार्थी वर्गातून वेळोवेळी ऐकू येते. केवळ कागदोपत्री प्रशिक्षण दाखविण्याचा प्रकारही घडतो. त्याला ‘डमी आर्टिकलशिप’ म्हणतात आणि तो गैरवर्तन मानला जातो.

पात्र लेखापालांचे वेतन

अंतिम परीक्षा उत्तीर्ण होताच मोबदल्यात मोठी उडी येते. भारतीय सनदी लेखापाल संस्था नव्याने पात्र झालेल्यांसाठी भरती मेळावे भरविते. अलीकडच्या मेळाव्यांत देऊ केलेले सरासरी वार्षिक वेतन दहा लाख रुपयांहून अधिक राहिले आहे. मात्र ही सरासरी मेळाव्यात निवड झालेल्यांची असते. त्यात भरती करणारे बहुतांशी मोठे उद्योग, बँका व मोठ्या लेखा संस्था असल्याने लहान कार्यालयांत नोकरी करणाऱ्या किंवा नव्याने स्वतःचा व्यवसाय थाटणाऱ्या लेखापालांचे उत्पन्न तीत दिसत नाही.

पात्र लेखापालांसाठी लेखा संस्थांची स्पर्धा एकमेकींशी असते, तशी ती उद्योगांशी व परदेशी सेवा केंद्रांशीही असते. लहान कार्यालयातून अनुभव घेऊन दोन-तीन वर्षांत कर्मचारी बाहेर पडतो. त्यामुळे नव्या माणसाला पुन्हा शिकविण्याचा अप्रत्यक्ष खर्च वाढतो.

शुल्क आणि श्रमखर्च यांचा संबंध

श्रमखर्च वाढला तरी तो ग्राहकाकडून वसूल करता येईलच असे नाही. भारतीय सनदी लेखापाल संस्था विविध कामांसाठी किमान शुल्काचे शिफारस केलेले दर प्रसिद्ध करते. परंतु ते बंधनकारक नाहीत. शुल्काच्या स्पर्धेला आळा घालण्यासाठी संस्थेने २०१६ मध्ये केवळ सनदी लेखापालांसाठीच राखीव असलेल्या कामांच्या निविदा भरण्यावर निर्बंध घातले. निविदेत किमान शुल्क नमूद असल्यास मात्र ती भरता येते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या शाखांचे लेखापरीक्षण शुल्क कर्जवाटपाच्या टप्प्यांनुसार रिझर्व्ह बँक ठरविते. येथेही संस्थेला आपला वाढता श्रमखर्च शुल्कात मिळविता येत नाही.

कायद्यांतील बदलांनी कामाचे प्रमाण वेगवेगळ्या दिशांना ढकलले आहे.

* कंपनी अधिनियम, २०१३ ने मोठ्या कंपन्यांसाठी लेखापरीक्षक ठरावीक काळानंतर बदलणे सक्तीचे केले. नव्या ग्राहकाचा व्यवसाय समजून घेण्याचे तास त्यामुळे वाढले.
* १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मासिक व त्रैमासिक विवरणपत्रांचे काम वाढले. लहान व्यापाऱ्यांसाठी हे काम करणाऱ्या सहायकांना मागणी आली.
* २०२१ मध्ये या कराच्या वार्षिक ताळमेळ विवरणाला सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राची अट काढून टाकण्यात आली व स्वयंप्रमाणन आले. त्यातून मिळणारे उत्पन्न घटले.
* ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाल्यावर लेखापरीक्षणाच्या कागदोपत्री पुराव्यांविषयीच्या अपेक्षा वाढल्या.
* १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे आवश्यक झाले व त्यावर अभिप्राय देण्याची जबाबदारी लेखापरीक्षकावर आली.

तंत्रज्ञानाचा परिणाम

१९८६ मध्ये बंगळूरु येथे सुरू झालेल्या कंपनीच्या टॅली या प्रणालीने भारतातील लहान व्यापाऱ्यांचे हिशेब वहीतून संगणकावर आणले. खतावणी, तेरीज व ताळेबंद नोंदींबरोबरच तयार होऊ लागल्याने केवळ हस्ताक्षर व बेरीज यांवर उभे असलेले कौशल्य कमी मोलाचे ठरले. पुढे कंपन्यांची कागदपत्रे, प्राप्तिकर विवरणपत्रे व कर निर्धारणाचे कामकाज टप्प्याटप्प्याने ऑनलाइन झाले. कार्यालयांतील खेपा व टपालाचे काम कमी झाले, परंतु ठरावीक मुदतींभोवती कामाची गर्दी वाढली.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी मांडलेल्या ‘खर्चाच्या व्याधी’च्या संकल्पनेनुसार, ज्या सेवांत उत्पादकता फारशी वाढत नाही तेथेही इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वेतन वाढवावे लागते आणि म्हणून ती सेवा तुलनेने महाग होते. लेखा क्षेत्राचे दोन भाग येथे वेगळे पडतात. नोंदी करणे यंत्राने वेगवान होते व त्याचा श्रमखर्च घटतो; शंका घेणे, प्रश्न विचारणे व मत बनविणे यांना मात्र तितकाच वेळ लागतो.

अमेरिकेतील टंचाई व भारतावरील परिणाम

भारतातील वेतनाच्या वरच्या पायरीवर अमेरिकेतील घडामोडींचा थेट परिणाम होतो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार लेखापाल व लेखापरीक्षकांचे मध्यक वार्षिक वेतन २०१९ मध्ये ७१,५५० डॉलर होते. २०२३ मध्ये ते ७९,८८० डॉलर झाले. ही वाढ सुमारे १२ टक्के आहे. याच काळात तेथील ग्राहक किमती सुमारे १९ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे नाममात्र वाढ होऊनही वास्तव वेतन घटले. २०१९ ते २०२१ या काळात सुमारे तीन लाख लेखापालांनी तेथील व्यवसाय सोडल्याचे वृत्त बहुचर्चित झाले. परवान्यासाठी विद्यापीठीय शिक्षणाच्या १५० श्रेयांक तासांची अटही नव्या उमेदवारांना परावृत्त करते, असे मानले जाते. २०२५ पासून ओहायोसह काही राज्यांनी तिला पर्यायी मार्ग खुले केले.

या टंचाईमुळे अमेरिकी संस्थांनी करविवरणे, हिशेबनोंदी व लेखापरीक्षणाची पूर्वतयारी ही कामे भारतात पाठविण्याचे प्रमाण वाढविले. अमेरिकेतील खर्चाच्या तुलनेत स्वस्त असलेले हे वेतन भारतातील स्थानिक लेखा कार्यालयाच्या दृष्टीने महाग ठरते. अशा रीतीने परदेशातील श्रमखर्च कमी करणारी व्यवस्था देशातील श्रमखर्च वाढविते.

महाराष्ट्र व गोवा

लोकसंख्येवर आधारित विद्यावेतनाच्या दरांतील विसंगती महाराष्ट्रात ठळकपणे दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई, पुणे व नागपूर ही शहरे वीस लाखांच्या वर आहेत. नाशिक, सोलापूर व कोल्हापूर मधल्या गटात येतात. सातारा व रत्नागिरी खालच्या गटात. ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या त्यावेळी साडेअठरा लाखांच्या जवळ होती. केवळ महापालिकेची हद्द मोजल्यास मुंबईला लागून असलेले व राहणीमान तितकेच महाग असलेले हे शहर मधल्या गटात पडते. गोव्यातील पणजी, मडगाव, वास्को ही सर्व शहरे चार लाखांच्या खाली असल्याने तेथील किमान दर सर्वांत कमी आहे. पर्यटनामुळे वाढलेली घरभाडी त्यात विचारात घेतली जात नाहीत.

सातारा किंवा रत्नागिरीहून पुण्या-मुंबईत प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीभाडे, खाणावळ व शिकवणीचे शुल्क यांचा खर्च किमान विद्यावेतनातून भागविता येत नाही. ही तूट घरच्यांना भरून काढावी लागते.

कामाचे तास

श्रमखर्चाचा हिशेब वेतनाबरोबर तासांवरही अवलंबून असतो. एप्रिलमधील बँक शाखांचे लेखापरीक्षण, जुलैमधील वैयक्तिक विवरणपत्रे व सप्टेंबरमधील कर लेखापरीक्षण या काळांत दिवसाचे काम बारा तासांपलीकडे जाणे नवलाचे मानले जात नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये जादा कामासाठी दुप्पट दराची तरतूद आहे. परंतु व्यवस्थापकीय पदांना ती लागू नाही. वार्षिक वेतन ठरलेले असताना तास वाढल्यास प्रत्येक तासाचा मोबदला घटतो. वेतनपत्रकात मात्र ही घट दिसत नाही.

२०२४ मध्ये पुण्यातील एका मोठ्या लेखा संस्थेत नोकरीस लागलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा काही महिन्यांतच मृत्यू झाला. कामाच्या ताणाविषयी तिच्या आईने लिहिलेले पत्र सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या व्यवसायातील कामाच्या तासांवर देशभर चर्चा झाली व केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशीची घोषणा केली.

टीका व मतमतांतरे

विद्यावेतन वाढविण्याच्या विरोधात लहान कार्यालयांचे चालक असा युक्तिवाद करतात की, पहिल्या वर्षी प्रशिक्षणार्थी कामापेक्षा शिकण्यातच अधिक वेळ घालवितो, परीक्षेसाठी दीर्घ रजा घेतो व पात्र होताच निघून जातो. दर फार वाढल्यास लहान गावांतील कार्यालये प्रशिक्षणार्थी घेणेच थांबवतील व स्थानिक विद्यार्थ्यांना शहर गाठावे लागेल, अशी भीतीही व्यक्त होते.

याउलट, दुसऱ्या वर्षापासून प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष उत्पादक काम करतो आणि त्याच्या तासांवरच ग्राहकाचे काम पूर्ण होते, असे वाढीचे समर्थक दाखवून देतात. त्यांच्या मते अल्प विद्यावेतनामुळे संस्थेच्या श्रमखर्चाचा एक भाग विद्यार्थ्याच्या कुटुंबावर पडतो. या व्यवसायाचे महाविद्यालयीन शुल्क तुलनेने कमी असल्याने तो सामान्य घरांतील मुलांसाठी खुला मानला जातो. पण दोन-तीन वर्षे जवळजवळ बिनपगारी काम करणे ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच तो खऱ्या अर्थाने खुला राहतो, हा या टीकेचा मुख्य मुद्दा आहे.

हेही पहा

* सनदी लेखापाल
* लेखापरीक्षण
* वस्तू व सेवा कर
* शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१
* किमान वेतन